रोज विसळतेस तेच उघड्यावर ठेव

तुझ्या नव्या घराच्या स्वयंपाकघराचा नकाशा पाहिला. संगणकावर काढलेली ती रंगीत चित्रंही पाहिली. पांढरीशुभ्र कपाटं, कुठे कडी नाही की मूठ नाही, आणि मोकळ्या ओट्यावर लिंबांनी भरलेला काचेचा एक वाडगा. खाली तू लिहिलंयस, "आत्या, छान आहे गं, पण माझं वाटत नाही. जरा शोभा कशी आणू?" फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढावं असं ठरवलं. तीस वर्षं मुलींना गृहशास्त्र शिकवलं, त्याहून जास्त वर्षं स्वतः ओट्याशी उभी राहिले, चार घरं मांडली. आईनं जे सांगितलं आणि जे मला चुका करून कळलं, ते दोन्ही यात आहे.

सुरुवात माझ्या आईपासून, म्हणजे तुझ्या आजीपासून. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या वाट्याला दोन खोल्या, त्यातली आतली स्वयंपाकाची. तुझ्या जन्माआधीच तो वाडा पडला, म्हणून तू ती पाहिलेली नाहीस. कोपऱ्यात वैलाची चूल होती. पुढे शेगडी आली, मग वातींचा स्टोव्ह. भिंतीत फडताळ, शेजारी लाकडी खुंट्या, एका कोपऱ्यात पितळी डब्यांची उतरंड, आणि दारातून आत शिरताच समोर दिसेल असं सागवानी ताटाळं. दुपारच्या उन्हाची तिरीप बरोबर त्या ताटाळ्यातल्या ताटांवर यायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आत डोकावून म्हणायच्या, "किती देखणं ठेवलंय हो." आणि त्या खोलीत दाखवण्यासाठी म्हणून आणलेली एकही वस्तू नव्हती.

एकदा मी शाळेतून कागदी फुलांची परडी करून आणली आणि चुलीवरच्या फळीवर ठेवली. आईनं ती हळूच उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. मी रुसले. तेव्हा ती म्हणाली, "स्वयंपाकघरात रोज विसळतो तेच उघड्यावर ठेवायचं. बाकीचं फडताळात." मला वाटलं हा स्वच्छतेचा धडा असेल. तो शोभेचाही धडा होता, हे कळायला मला स्वतःचा संसार मांडावा लागला.

कारण असं आहे. आपल्याकडे दिवसातून दोनदा फोडणी होते, आठवड्यातून एकदा तरी तळण. तापलेल्या तेलाची वाफ वर जाते, गार होते आणि मिळेल त्या वस्तूवर बसते. तिच्यावर धूळ बसते. आठवडाभरात ती वस्तू ओशट होते, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्यावर जो राप चढतो तो रोगणासारखा कडक होतो. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन खरवडत बसावं लागतं. चिमणी आणि एक्झॉस्ट पंख्यानं हे कमी होतं, थांबत नाही. पण रोज घासल्या-विसळल्या जाणाऱ्या ताटावर राप चढायला वेळच मिळत नाही. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरात कायम लखलखीत राहू शकतात त्या फक्त वापरातल्या वस्तू. परदेशी मासिकांतल्या उघड्या फळ्या, त्यांवर सुकवलेली फुलं, जुने कंदील, पाटीवर खडूनं लिहिलेली सुभाषितं हे सगळं फोडणीच्या घरात तीन महिन्यांत केविलवाणं दिसायला लागतं. मी दोन घरांत हे करून पाहिलंय. तुझ्या चित्रातली कुलूपबंद पांढरी कपाटं हे दुसरं टोक. तिथे राप दिसत नाही, पण माणूसही दिसत नाही.

तेव्हा घर ताब्यात आलं की पहिले पंधरा दिवस भिंतीला काहीही लावू नकोस. वस्तू पेट्यांत राहू देत. एक वही ओट्यावर ठेव आणि रोज काय काय बाहेर काढलंस ते लिही. पंधरा दिवसांनी यादी तयार होईल: ताटं, वाट्या, फुलपात्री, पळ्या, सांडशी, गाळणं, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं, परात, बिडाचा तवा, एक कढई. हीच तुझी सजावट. आता यादीतली कोणती वस्तू बघवत नाही ते शोध. कडा उडालेलं प्लॅस्टिकचं गाळणं असेल, दांडा वितळलेलं उलथनं असेल. फक्त तेवढं बदल, आणि बदलताना हात आखडू नकोस. शिसवी लाकडाचं एक नीट तोललेलं लाटणं, जाड पितळी पळी, झाकणात काच असलेला मिसळणाचा डबा. या वस्तू दिवसातून चार वेळा हातात येतात. भिंतीवरच्या चित्राकडे माणूस आठवड्यातून एकदा पाहतो.

उघडी फळी शेगडीपासून तीन-चार फूट तरी लांब घे. आणि उंची? वाड्यात बायका बसून स्वयंपाक करत, म्हणून आईच्या खुंट्या आणि फळ्या खाली होत्या. बसल्या जागी हात पोचेल, नजर पडेल अशा. फ्लॅट आले, गॅस आला, आपण उभ्या राहिलो, तशा त्या वस्तूही वर यायला हव्यात. कमरेच्या वर आणि डोळ्यांच्या खाली, या पट्ट्यात जे असेल तेच हाताला सापडतं आणि तेच डोळ्यांना दिसतं. त्याच्या वर दिवाळीचा सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र. त्यांना बंद कपाट हवंच.

आता उजेड. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण नव्या घरात सगळ्यात जास्त पैसे कपाटांवर जातात आणि सगळ्यात कमी विचार उजेडाचा होतो. तुझ्या नकाशात छताच्या मधोमध एक दिवा आहे. तू ओट्याशी उभी राहिलीस की तो तुझ्या पाठीमागे येईल आणि तुझी सावली नेमकी कढईवर पडेल. मोहरी तडतडली की जिरं लाल झालं, हे अंधारात कसं कळणार? म्हणून वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, एलईडीची पट्टी लावून घे. भिंतीकडच्या कडेला लावलीस तर उजेड टाइल्सवर पडेल आणि हाताखाली अंधारच राहील. वायरिंगचं काम टाइल्स बसायच्या आधी होतं, म्हणून सुताराला आणि वायरमनला एकाच दिवशी बोलाव.

दिव्याचा रंगही बघून घे. खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे सरसकट ६५०० लावतात आणि मग गरम पोळीसुद्धा शिळी वाटते. ओट्यावर ४००० घे, जेवायच्या टेबलावर ३०००. दुकानदाराला सीआरआय विचार. तो ९०च्या आसपास असला तर भाज्यांचे खरे रंग दिसतात, कोथिंबीर हिरवीगार आणि टोमॅटो लाल. हा फरक इतका आहे की एवढं एक केलंस आणि बाकी काहीच केलं नाहीस, तरी येणारी माणसं विचारतील, "रंग दिलास का गं?"

आणि खिडकी झाकू नकोस. तुझी खिडकी पूर्वेला आहे, केवढं भाग्य! तिच्या दोन्ही बाजूंना वरची कपाटं चिकटवून आणली आहेत, ती किमान एकेक वीत मागे सरकव. सकाळी सातचं ऊन ओट्यावर यायला जागा हवी.

ओट्याच्या दगडाबद्दल माझी चूक ऐक. आमचं दुसरं घर झालं तेव्हा एका मासिकात पाहून मी पांढऱ्या संगमरवराचा ओटा करवून घेतला. बसवणारे म्हणाले, काही होत नाही, पुसलं की झालं. पहिलाच चैत्र आला. हळदीकुंकवाला कैऱ्या किसल्या, आंब्याची डाळ वाटली, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर तिथेच काढला. दुसऱ्या दिवशी पाहते तर जिथे जिथे आंबट पडलं तिथे तिथे चकाकी गेलेली, हात फिरवला की खरबरीत. ते डाग नव्हते, दगडच खाल्ला गेला होता. मी शिकवायची रसायनं आणि माझ्याच लक्षात आलं नव्हतं: संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आणि लिंबू, चिंच, कैरी, आमसूल यांतलं आम्ल त्याला खातं. ज्या घरात आंबटाशिवाय आमटी होत नाही, त्या घरात संगमरवरी ओटा घालू नये.

कडप्पा, शहाबादी, कोटा हेही चुनखडीच्याच कुळातले. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून, कर्नाटकातल्या शहाबादहून आणि राजस्थानातल्या कोट्याहून ते आले आणि गावांच्याच नावांनी आपल्या घरांत रुळले. आंबट त्यांनाही सोसत नाही, पण कडप्प्याच्या काळ्या रंगावर खोबरेलाचा हात फिरवला की पांढुरकेपणा झाकला जातो. म्हणून आपल्या आया-आज्यांनी कडप्प्याचे ओटे आयुष्यभर वापरले. तू ओट्याला गडद ग्रॅनाइट घे. रोजच्या आंबटाला तो दाद देत नाही. ओट्याखालचे कप्पे मात्र कडप्प्याचेच कर. त्यांना वाळवी लागत नाही, पाण्यानं फुगत नाहीत, आणि त्यांवर उभे केलेले स्टीलचे डबे फार सुंदर दिसतात.

उंची तयार मापात घेऊ नकोस. सर्वसाधारणपणे ओटा ३२ ते ३४ इंच करतात. तुम्ही दोघंही स्वयंपाक करता, आणि जावईबापू तुझ्याहून चांगले वीतभर उंच. दोघांनी पायात घरातल्या सपाता घालून उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यायचं. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की त्या माणसाची उंची मिळते. दोघांच्या मधलं माप धर. शेगडीमुळे कढई आणखी वर जाते, म्हणून शेगडीखालचा ओटा तीन-चार इंच उतरता करता आला तर पाहा. पाठ दुखत असली की कुठलंच स्वयंपाकघर सुंदर वाटत नाही.

भिंतीसाठी साधी, गुळगुळीत, पांढरी किंवा दुधी टाइल. ज्यांवर फळांच्या टोपल्या आणि कपबश्यांची चित्रं असतात, त्या घेऊ नकोस. दोन वर्षांत डोळे विटतात. सांधी भरायला इपॉक्सी ग्राउट माग, ते हळद पीत नाही. आणि या पांढऱ्यामध्ये एकच आडवी ओळ गेरूच्या रंगाची घाल. आई श्रावणात भिंतीच्या पायाशी गेरूचा पट्टा ओढायची आणि त्यावर चुन्याचे ठिपके. तो पट्टा मला अजून दिसतो. गेरू, पांढरा आणि पितळेचा पिवळा, एवढे तीन रंग आपल्या स्वयंपाकघराला पुरतात. वांग्याचा जांभळा आणि मेथीचा हिरवा तू मंडईतून रोज आणतेसच.

हळदीवरून आठवलं. ओट्यावर, पंच्यावर हळद सांडली की घाबरून साबण लावतेस आणि डाग लाल होतो, हो ना? आपलं पारंपरिक कुंकू असंच होतं: हळदीला चुन्यासारखा क्षार भेटला की ती लाल होते. तिच्यातला पिवळा रंग उन्हाला मात्र फार कच्चा. कापड धुऊन उन्हात टाक, एक-दोन दिवसांत डाग फिका पडतो. पूर्वेच्या खिडकीचा हाही एक उपयोग.

आता तांब्या-पितळेबद्दल. हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. हल्ली दुकानांत रोगण फासलेली पितळी भांडी शोभेसाठी मिळतात. ती घेऊ नकोस. ती ना शिजवायला, ना प्यायला, आणि रोगण उडालं की ठिपकेदार होतात. त्यापेक्षा कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. पेशवाईपासून पुण्याला तांब्याची भांडी पुरवणाऱ्या कारागिरांची ती आळी. अजूनही तिथे हातोड्याचा ठोका ऐकू येतो. पत्र्यावर गोल हातोड्यानं एकसारखे ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा एक छोटासा खळगा होतो आणि प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा चमकतो. आपण त्याला नक्षी म्हणतो, पण त्या ठोक्यांनीच पत्रा कठीण होतो, भांडं लवकर पोचत नाही. ही शोभा मजबुतीतून आलेली आहे, म्हणून ती शंभर वर्षं टिकते.

पण नियम पाळायचे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी, कढी काही ठेवायचं नाही. ते कळकतं, हिरवट होतं, चव आणि पोट दोन्ही बिघडतं. शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवीच. भांडं तापवून त्यात नवसागर टाकतात, पांढरा धूर होतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवतात आणि क्षणात भांडं रुप्यासारखं होतं. लहानपणी आम्ही गल्लीत घोळका करून ते बघायचो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, त्यात तळण करायचं नाही, आणि धातूच्या उलथन्यानं खरवडायचं नाही. घासायला बाहेरून चिंच आणि मीठ, किंवा सोलं काढून झाल्यावर उरलेलं आमसुलाचं पाणी, पितांबरीही चालते. घासल्यावर लगेच कोरडं पूस. पाणी आपोआप वाळू दिलंस तर डाग राहतात आणि सगळी मेहनत वाया.

आणि किती भांडी? जेवढी तू स्वतः घासशील तेवढीच. मी म्हणेन तीन: पाण्याचा एक तांब्या, भाताचं एक कल्हईचं पातेलं, एक परात. तीन लखलखीत भांडी अख्ख्या खोलीत उजेड पाडतात, आणि तीस काळवंडलेली भांडी ओझं होतात. आजीच्या भांड्यांतली तू उचलशील तेव्हा उलटीकडून बघ. पूर्वी भेट दिलेल्या भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. छिन्नीनं ठिपके ठोकून देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख. नव्या फॅशनच्या बायका ते नाव भिंतीकडे करून ठेवतात. तू ते पुढे ठेव. तुझ्या चित्रातल्या काचेच्या वाडग्याला कोणाचंही नाव नाही.

आमच्या कॉलेजच्या मुलींना मी दर वर्षी बाजीराव रोडवरच्या राजा केळकर संग्रहालयात घेऊन जायची. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं उभा केलेला तो संग्रह, पुढे त्यांनी तो सरकारला देऊन टाकला. तिथले अडकित्ते, दिवे, खवण्या, शेवयांची यंत्रं बघताना मुली थक्क व्हायच्या. विळीच्या मुठीला मोर, खवणीला घोडा. मी त्यांना विचारायची, यातली कुठली वस्तू नुसती ठेवायला केली होती? एकही नाही. मग वर्गात परत आलो की मी फ्रँकफर्टची गोष्ट सांगायची. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुकार बाईंनी १९२६ साली तिथल्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं, साडेतीन मीटरही लांब नाही आणि दोन मीटरही रुंद नाही. आगगाडीतल्या स्वयंपाकाच्या डब्यावरून त्यांना ते सुचलं. बाईमाणसाची पावलं वाचावीत म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. पीठ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे खण केले, त्यांना ओतायला चोच, वर नावं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. त्यात दागिन्यासारखं काहीच नव्हतं, आणि आज त्यातलं एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ठेवलेलं आहे. केळकरांची खवणी आणि जर्मनीतला तो खण, दोन्ही कामासाठी झाले आणि दोन्ही देखणे ठरले. तुझ्या कंत्राटदारानं त्या बाईंची कपाटं घेतली, पण पावलं मोजायची राहिली. ती तू मोज: फ्रीज, सिंक, शेगडी यांच्यामध्ये दिवसातून किती वेळा ये-जा होते ते.

बरण्यांचं थोडक्यात सांगते. काचेच्या बरण्यांची रांग छान दिसते. डाळी, पोहे, साबुदाणा त्यांत खुशाल ठेव. मूग, मसूर, हरभऱ्याची डाळ, राजमा असे रंग शेजारी शेजारी लाव. तिखट, हळद आणि गोडा मसाला मात्र काचेत घालून खिडकीत ठेवू नकोस; उजेडानं रंग उडतो, वास जातो. ते स्टीलच्या डब्यात किंवा अंधाऱ्या खणात. मीठ आणि लोणचं धातूत नको, चिनी मातीच्या बरणीत. वरून पिवळसर-तपकिरी, खालून पांढरी अशी ती बरणी ओट्याच्या कोपऱ्यात एकटी ठेवलीस तरी पुरे. तिच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असेल तर आणखी छान.

कापड सुती. खिडकीला नायलॉन-पॉलिएस्टरचा पडदा शेगडीजवळ कधीही नको, पेट घेतला तर वितळून अंगाला चिकटतो. सोलापुरी टॉवेलाचे तुकडे, दोन पंचे, खुंटीला टांगलेले, रोज धुतलेले. पुसायचं फडकं मळकट असलं की इतर सगळ्यावर पाणी पडतं.

झाडं हवीतच तर खिडकीच्या जाळीत बाहेरच्या अंगाला: ओवा, पुदिना, गवती चहा. कढीपत्त्याला भरपूर ऊन लागतं, तो खोलीच्या आत रुसतो.

पैसे कुठे घालायचे हे आता नीट ऐक, कारण तुझा अंदाजपत्रकाचा कागद बघून मला काळजी वाटली. दारांच्या चकाकीवर सगळा खर्च आणि आत पार्टिकल बोर्ड. सिंकखालचं कपाट पार्टिकल बोर्डचं केलंस तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच खालून फुगेल. तिथे आयएस ७१० असा शिक्का असलेलं मरीन प्लाय लाव, शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघ. बिजागऱ्या आणि खणांचे रूळ चांगले घे. वरचं लॅमिनेट स्वस्तातलं चालेल. मूठ लपवलेली दारं नकोत. कणकेच्या हातानं दार उघडायला कडी लागते. साधी पितळी कडी लाव, तीच तुझ्या सगळ्या पांढऱ्याला उठाव देईल.

उघड्यावर ठेव म्हटलं म्हणजे ओटा भरून टाक असं नाही. सिंक आणि शेगडीच्या मध्ये दोन हात ओटा नेहमी रिकामा हवा. मिक्सर रोज लागतो, तो बाहेर राहील, पण कोपऱ्यात आणि स्वतःच्या प्लगशेजारी. त्याला झालरीचं आवरण शिवू नकोस. तेच सगळ्यात आधी ओशट होतं.

आणि नकाशात नाही अशी एक गोष्ट कर. दारापाशी एक तिवई किंवा बुटकं स्टूल ठेव. आजीच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेला एक पाट असायचा. शेजारची कोणी आली की तो खाली पडायचा, ती लसूण सोलत बसायची आणि बोलायची. मी अभ्यास त्याच पाटावर केला. तुझ्या त्या चित्रांत कुठेही बसायला जागा नाही, म्हणून ते तुला तुझं वाटत नाही, असं मला वाटतं.

वाडा पडला तेव्हा तुझ्या बाबांनी आणि मी आजीचं ताटाळं उतरवून माझ्याकडे आणलं. सागवानी आहे, दोन खुंट्या बदलल्या, बाकी जसंच्या तसं. बारा ताटं आणि तेवढ्याच वाट्या राहतात. मी त्याला परवा खोबरेल लावून ठेवलंय. लांबी साडेतीन फूट. तुझ्या पूर्वेच्या खिडकीसमोरची भिंत मी नकाशावर मोजली. फ्रीज एक फूट उजवीकडे सरकवलास तर ते बरोबर बसतं. सुतार भिंतीत भोकं पाडायच्या आधी येऊन घेऊन जा.